लक्षद्वीप कागदावरच राहिले: खान्देशातून क्रूझला जाणाऱ्यांसाठी एक वृत्तांत

दिवाळीनंतर जळगाव, भुसावळ आणि अमळनेर येथील आम्ही अकरा जण मुंबईहून सुटणाऱ्या एका क्रूझवर पाच रात्रींसाठी गेलो होतो. माहितीपत्रकावर 'मुंबई – गोवा – लक्षद्वीप – मुंबई' असे ठळक अक्षरांत छापलेले होते. प्रत्यक्षात मुंबई दोनदा दिसली, गोवा साडेचार तास दिसला आणि लक्षद्वीप दिसलेच नाही. जहाजाची स्वच्छता, खोल्या आणि कर्मचाऱ्यांची वागणूक यांबद्दल आमची काहीही तक्रार नाही, त्यामुळे त्यावर मी शाई खर्च करणार नाही. आपल्या भागातून आता बरीच मंडळी निवृत्तीनंतर किंवा लग्नाच्या वाढदिवसानिमित्त क्रूझला जाऊ लागली आहेत. जी चौकशी आम्ही पैसे भरल्यानंतर केली ती त्यांनी आधी करावी, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

पहिली चूक आम्ही घरी बसूनच केली. समुद्रकिनाऱ्यावरच्या माणसासाठी क्रूझ बंदरावर सुरू होते, परंतु आपल्यासाठी ती जळगावच्या फलाटावर सुरू होते, हे आम्ही हिशेबात धरले नाही. जळगाव ते मुंबई हे रेल्वेने सुमारे 420 किलोमीटरचे अंतर आहे आणि रात्रीची गाडी धरली की सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरता येते, म्हणून आम्ही जहाजाच्या दिवशीच पहाटे पोहोचणारी आरक्षणे काढली. उत्तरेकडून आलेली आमची गाडी जळगावलाच दोन तास उशिरा आली आणि कसाऱ्यापुढे आणखी रखडली. जहाजावर चढण्यासाठी आम्हाला दिलेली वेळ दुपारी 12 ते 3 अशी होती. गाडी वेळेवर येईल या भरवशावर आम्ही सहा महिन्यांपूर्वी भरलेले पैसे पणाला लावले होते, हे ध्यानात आले तेव्हा आम्ही ठाण्याच्याही अलीकडे होतो. माझे स्पष्ट मत असे की, एक दिवस आधी मुंबईत मुक्काम करावा आणि त्या लॉजचे भाडे क्रूझच्या खर्चातच धरावे. धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने किंवा नंदुरबारहून सुरतमार्गे येणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

स्थानकाबाहेर दोन टॅक्सी केल्या. 'क्रूझचे टर्मिनल' एवढेच सांगितल्यावर आमची टॅक्सी बॅलार्ड पिअरला आली, तर मागची टॅक्सी थेट भाऊच्या धक्क्याला गेली. तेथून मांडव्याला जाणारी रो-रो बोट सुटते आणि तिच्या रांगेत नाना, नानी आणि चार बॅगा जवळजवळ अर्धा तास उभ्या होत्या. टॅक्सीवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण जहाज म्हटले की मुंबईत कोणाला गेटवे आठवतो, कोणाला भाऊचा धक्का. मोठ्या क्रूझ जहाजांचे टर्मिनल बॅलार्ड इस्टेटच्या बाजूला आहे. तेथील नव्या इमारतीचे उद्घाटन सप्टेंबर 2025 मध्ये झाले असून सीएसएमटीपासून ती दोन किलोमीटरच्या आत आहे. टॅक्सीत बसताना 'बॅलार्ड पिअर, ग्रीन गेट' असे दोन्ही शब्द सांगावेत आणि तिकिटावर लिहिलेले प्रवेशद्वार एकदा पडताळून घ्यावे.

येथे थोडे विषयांतर करतो. भुसावळ-जळगाववरून आजही धावणारी पंजाब मेल 1912 साली सुरू झाली, तेव्हा ती या बॅलार्ड पिअरवरील मोल स्थानकातून सुटत असे. विलायतेहून बोटीने आलेला साहेब धक्क्यावरच गाडीत बसे आणि आपल्या तापीच्या खोऱ्यातून पुढे पेशावरकडे जाई. शंभर वर्षांपूर्वी गाडी आणि बोट यांची जी सांगड घातलेली होती, ती आज आपली आपल्यालाच घालावी लागते.

जहाज संध्याकाळी सुटले आणि दुसऱ्या दिवशी गोव्याला लागले. 'गोवा' हा शब्द वाचून आमच्यापैकी प्रत्येकाच्या मनात वेगवेगळे गोवे तयार झाले होते. कोणाला मंगेशी-शांतादुर्गा करायचे होते, कोणाला जुन्या गोव्यातील चर्च पाहायची होती, तर वहिनींना पणजीत काजू घ्यायचे होते. जहाज लागले ते मुरगाव बंदरात. हे बंदर वास्कोला आहे आणि तेथून पणजी सुमारे 30 किलोमीटर दूर आहे. पत्रकावर गोव्यासाठी 'सकाळी 11 ते सायंकाळी 7' असे आठ तास लिहिलेले होते. त्यातून जहाज लागण्याचा, बंदराची परवानगी मिळण्याचा आणि मजल्यांप्रमाणे प्रवाशांना सोडण्याचा वेळ वजा झाला, तेव्हा आमचा पाय जमिनीवर टेकला तो दुपारी 1 वाजता. परतण्याची अखेरची वेळ साडेपाच होती. या साडेचार तासांतील दोन तास झुआरी पुलावरून पणजीला जाण्यायेण्यात गेले. जुन्या गोव्यात आम्ही चर्चच्या दारापर्यंत पोहोचलो आणि घड्याळ पाहून मागे फिरलो.

बंदराच्या नावापुढे छापलेली वेळ ही जहाजाची असते, प्रवाशाची नसते. त्या वेळेतून सुरुवातीचे दीड-दोन तास आणि शेवटचा तास-दीड तास सरळ वजा करावा, उरेल तो आपला. ते साडेचार तास पुन्हा मिळाले तर मी पणजीचा नाद सोडून वास्कोतच थांबेन. बोगमाळोचा किनारा आणि त्या रस्त्यावरील नौदलाच्या विमानांचे संग्रहालय (सोमवारी बंद असते) एवढे निवांत पाहून माणूस वेळेवर परततो. ज्यांना खरोखर गोवा पाहायचा आहे त्यांनी जहाजाच्या वाटेला जाऊच नये. भुसावळहून गोव्याला थेट रेल्वे आहे आणि 2024 पासून जळगावहून गोव्याला विमानही सुरू झाले. मुंबईला जाऊन, जहाजात एक रात्र काढून साडेचार तासांचा गोवा पाहण्यात काय मिळवले, असे अमळनेरच्या दादांनी विचारले, तेव्हा त्यांना कोणी उत्तर दिले नाही.

खरी निराशा तिसऱ्या दिवशी संध्याकाळी झाली. आम्ही जेवणाच्या टेबलावर बसलो होतो. ध्वनिक्षेपकावरून कप्तानाने प्रथम इंग्रजीत आणि मग हिंदीत सांगितले की, लक्षद्वीपमधील अगत्ती बेटाजवळ लाटा मोठ्या असल्यामुळे प्रवाशांना बेटावर नेणे सुरक्षित नाही. जहाज तेथे न थांबता संथ गतीने मुंबईकडे वळेल. शेजारच्या टेबलावर कोणीतरी चमचा ताटात टाकला, त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. नानांनी गोलाणी मार्केटमधून पाण्याखाली पाहण्याचा चष्मा आणला होता आणि तो वर्तमानपत्रात गुंडाळून खिशातच ठेवला होता. त्यांनी तो बाहेर काढला, पाहिला आणि म्हणाले, "आपलं लक्षद्वीप कागदवरच राही गयं ना भाऊ." सगळे हसले, पण जेवण मात्र कोणाला गेले नाही.

कप्तानाचा निर्णय योग्यच होता, हे मी दुसऱ्या दिवशी शांत डोक्याने मान्य केले. लक्षद्वीपची बेटे प्रवाळाची आहेत आणि त्यांच्याभोवतीचे खाजण उथळ आहे, त्यामुळे मोठे जहाज किनाऱ्याला लागू शकत नाही. ते बाहेर खोल पाण्यात उभे राहते आणि प्रवाशांना जहाजाच्या कुशीतील दारातून लहान होडीत उतरवून बेटावर नेतात. समुद्र शांत असेल तर ही गंमत असते. परंतु लाट असेल तेव्हा होडी दाराच्या पातळीच्या वर-खाली हेलकावे खाते आणि त्या क्षणी सत्तरीच्या माणसाने पाऊल टाकायचे म्हणजे हाड मोडून घेण्याची वेळ. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, विशेषतः मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या काळात, अरबी समुद्रात कमी दाबाचे पट्टे आणि वादळे होत असतात आणि आम्ही नेमके त्याच दिवसांत गेलो होतो. म्हणून आमचा राग कप्तानावर नाही. जेथे होडीनेच उतरावे लागते ते ठिकाण हवामानाच्या मर्जीवर असते, ही साधी गोष्ट विकताना आम्हाला कोणीही सांगितली नाही, यावर आहे. सहल विकणाऱ्या गृहस्थांना परतल्यावर विचारले, तर ते म्हणाले, "समुद्राचे काय सांगता येते, काका!" हे वाक्य त्यांनी पैसे घेण्यापूर्वी उच्चारले असते तर बरे झाले असते.

माहितीपत्रकावर 'लक्षद्वीप' या शब्दाच्या डोक्यावर मुगाच्या दाण्याहून लहान तारका होती. तिचा अर्थ शेवटच्या पानावर होता: वेळापत्रकात पूर्वसूचनेशिवाय बदल करण्याचा अधिकार कंपनीकडे राहील. जवळपास प्रत्येक क्रूझ कंपनीच्या करारात हे कलम असते. एखादे बंदर गाळले तर भाडे परत मिळत नाही, फार तर त्या बंदराचे शुल्क आणि कंपनीकडूनच घेतलेल्या तेथील सहलीचे पैसे मिळतात. आम्हाला बंदरशुल्कापोटी माणशी काहीशे रुपये मिळाले आणि बेटावरील सहलीचे पैसे पूर्ण परत आले. आमच्यातील एकाने मात्र बेटावरची सहल बाहेरून स्वस्तात ठरवली होती, त्याचे पैसे बुडाले. म्हणून जेथे होडीने उतरायचे आहे तेथील सहल थोडी महाग पडली तरी जहाजाकडूनच घ्यावी. बोलणी करताना सहल विकणाऱ्याला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात, व्हॉट्सअॅपवर विचारल्या तरी चालेल: जहाज धक्क्याला लागणार की होडीने उतरावे लागणार, जमिनीवर प्रत्यक्ष किती तास मिळणार आणि बंदर गाळले तर काय परत मिळणार. उत्तर टाळले गेले तर तेच उत्तर समजावे. एखाद्याने लेखी खात्री देऊन नंतर हात वर केले, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगापुढे तक्रार करता येते, मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर प्राथमिक माहिती मिळते.

नावाचा आणि बंदराचा मेळ न बसणे हा केवळ आपल्याकडचा प्रकार नाही. जहाजावर भुसावळचे एक निवृत्त रेल्वे अधिकारी भेटले, ते युरोपची क्रूझ करून आलेले होते. त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेवर 'रोम' होते, पण जहाज लागले ते रोमपासून सुमारे 70 किलोमीटरवरील चिविताव्हेक्कियाला. याच न्यायाने 'लंडन' म्हणजे बहुधा साउदॅम्प्टन, 'पॅरिस' म्हणजे समुद्रकाठचे ल हाव्र आणि 'बँकॉक' म्हणजे लेम चबांग असते. व्हेनिसच्या मध्यातून जाणाऱ्या मोठ्या जहाजांना 2021 पासून बंदी आहे, त्यामुळे 'व्हेनिस' लिहिलेली सफर दुसऱ्याच गावाच्या धक्क्यावरून सुटू शकते. आपली मंडळी ज्या सिंगापूरच्या क्रूझला जातात, तेथेही मरिना बे आणि हार्बरफ्रंट अशी दोन वेगळी टर्मिनल आहेत, भाऊच्या धक्क्याचा प्रसंग तेथे घडला तर अर्धा तास पुरणार नाही. परदेशी क्रूझमध्ये आणखी एक मेख असते: जहाजातून उतरायचे नसले तरी वाटेतील देशांचे व्हिसा मागितले जातात आणि नसतील तर पहिल्याच बंदरात चढू देत नाहीत. आमच्या सफरीत परदेशी बंदर नव्हते, म्हणून आधार कार्डावर काम झाले.

चौथा आणि पाचवा दिवस समुद्रातच गेला. पत्रकात याला 'हाय सी' म्हणतात. किनाऱ्यापासून 12 सागरी मैल, म्हणजे सुमारे 22 किलोमीटर, ही देशाची प्रादेशिक हद्द ओलांडली की कॅसिनो उघडतो आणि जहाजाची खरी कमाई सुरू होते, ती बंदरात उभे राहून होत नाही. कार्यक्रमात समुद्रातील दिवस जास्त का असतात याचा थोडा उलगडा येथे होतो. ज्यांना पत्ते, नाच आणि सतत खाणे आवडते त्यांना हे दिवस सुखाचे जातील. मला डेकवर बसून पाणी पाहायला आवडले, परंतु दोन दिवस पाणीच पाहिल्यावर तापीचा पूल आठवू लागतो. बाहेरचे अन्न आत नेऊ देत नाहीत. वहिनींनी नेलेली कळण्याची भाकरी आणि शेव तपासणीतच बाजूला काढून ठेवावी लागली, हे येथे नोंदवून ठेवतो.

परतीच्या दिवशी जहाज सकाळी 7 वाजता धक्क्याला लागले, तरी आम्ही बाहेर पडलो ते साडेदहाला. मोठ्या बॅगा आदल्या रात्रीच खोलीबाहेर ठेवायच्या असतात, त्यामुळे औषधे आणि सकाळचे कपडे हातातील पिशवीत ठेवावेत. दुपारी 3 च्या आधीची परतीची गाडी घेऊ नये.

भुसावळच्या अधिकाऱ्यांनी निरोप घेताना एक गोष्ट सांगितली, ती आमच्या कोणाच्याच डोक्यात आली नव्हती. भुसावळला रोज थांबणाऱ्या एका गाडीचे नावच मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस आहे. ती मडगावमार्गे थेट एर्नाकुलमला, म्हणजे कोचीला जाते. कोचीहून अगत्तीला विमान जाते आणि लक्षद्वीप प्रशासनाच्या पर्यटन विभागाची 'समुद्रम' ही जहाजाची सहलही तेथूनच निघते, त्यात कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय ही बेटे असतात. प्रवेशपरवाना लागतो आणि तो आधीच काढावा लागतो. होडीची वर-खाली तेथेही आहेच, पण एक बेट चुकले तर उरलेल्या दोघांपैकी एखादे तरी मिळेल, असा आमचा हिशेब आहे. नाना, नानी, मी आणि सौ. अशा चौघांनी फेब्रुवारीची आरक्षणे काढली आहेत. चष्मा नानांच्या कपाटात, त्याच वर्तमानपत्रात आहे.