लाईट गेल्यावर परवानगी कोण तपासतं?

ओपन सोर्स ऑथरायझेशनचा, म्हणजे कोणाला काय करू द्यायचं ते ठरवणाऱ्या खुल्या सॉफ्टवेअरचा, विषय निघाला की डेव्हलपर मंडळी आधी लायसन्सचं विचारतात. ऑगस्ट 2023 मध्ये हॅशिकॉर्प कंपनीने व्हॉल्टचं (पासवर्ड-किल्ल्या जपणारं सॉफ्टवेअर) ओपन सोर्स लायसन्स बदललं, तेव्हा ही धास्ती रास्तच. पण कीक्लोक (लॉगिन सांभाळून टोकन, म्हणजे ओळखीचा डिजिटल पास, देणारं) आणि ओपन पॉलिसी एजंट (ओपीए, नियम बघून परवानगी द्यायची का ते सांगणारं) दोन्ही अपाचे 2.0 या ओपन सोर्स लायसन्सखाली आहेत, तिथे फार अडू नये. कोकणात खरा प्रश्न मे महिन्यातला. वळीव कोसळतो, लाईट आणि नेट दोन्ही जातं, आणि देवगडच्या पॅकिंग हाऊसमध्ये पेट्यांची नोंद थांबवून चालत नाही.

म्हणून ओपीए तिथल्याच मशीनवर ठेवतात. त्याचे नियम बंडलमधून (नेटवरून उतरवलेल्या नियमांच्या गठ्ठ्यातून) येतात आणि वेगळं काही सांगितलं नाही तर फक्त मेमरीत राहतात. लाईट आली, मशीन सुरू झालं, नेट अजून नाही: ओपीए चालू, पण नियम एकही नाही. अशा वेळी ओपीएला परवानगी विचारायचा मार्ग, म्हणजे डेटा एपीआय, एरर देत नाही. 200, म्हणजे ‘विनंती ठीक’, असा स्टेटस येतो आणि उत्तरात ‘रिझल्ट’ नसतोच. कोडने नुसता 200 पाहून दार उघडलं, तर एका बागायतदाराला दुसऱ्याचे दर दिसतील. ‘रिझल्ट’ नेमका ट्रू असेल तरच पुढे जाऊ द्या. रेगोमध्ये (ओपीएचे नियम लिहायच्या भाषेत) अलाउची, म्हणजे परवानगीच्या उत्तराची, डिफॉल्ट किंमत फॉल्स ठेवायचीच, पण नियमच लोड झाले नसतील तर ती ओळही लोड झालेली नसते.

बंडलच्या सेटिंगमध्ये ‘पर्सिस्ट’ ट्रू करा, म्हणजे नियम डिस्कवरच्या फोल्डरमध्येही साठतील. डॉकरमध्ये ते फोल्डर व्हॉल्यूमवर (कंटेनरबाहेरच्या साठ्यावर) हवं, नाहीतर कंटेनर नव्याने बनला की नियम गेले. हेल्थ चेकही बंडल लोड झाल्याचं पाहणारा लावा.

टोकनचं दुखणं अधिक चिवट आहे. कीक्लोकचं ॲक्सेस टोकन मुळात 5 मिनिटांचं असतं आणि नेटशिवाय नवं मिळत नाही. अख्ख्या रेल्मची (कीक्लोकमधल्या सगळ्या युजर आणि ॲपच्या गटाची) मुदत वाढवू नका. पेटी-नोंदीसाठी वेगळा क्लायंट (टोकन मागणारं, कीक्लोकमध्ये वेगळं नोंदवलेलं ॲप) करा आणि फक्त त्याची मुदत कामाच्या पाळीइतकी ठेवा. काढून टाकलेल्या माणसाचं टोकनही तेवढा वेळ चालेल, म्हणून त्या क्लायंटला नोंद करण्यापलीकडे काही देऊ नये. दर बदलणं, पैसे चुकते करणं नेट येईपर्यंत बंदच. टोकनवरची कीक्लोकची सही तपासायची पब्लिक की डिस्कवर साठवा, रीस्टार्टनंतर ती आणायला नेट नसेल.

घड्याळही बघा. रास्पबेरी पाय 4 या छोट्या कॉम्प्युटरमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. लाईट गेली की वेळ मागे राहते आणि मुदत संपलेलं टोकन चालून जातं. असं बॅटरीवरचं घड्याळ, म्हणजे आरटीसी मॉड्यूल, बसवा.

मग नेटची केबल काढून मशीन रीस्टार्ट करा आणि नोंद होते का ते पाहा. दुसऱ्याचे दर मागून नकार येतो का, तेही त्याच वेळी तपासा.