पट्टीवरचे पन्नास

निपाणीकडच्या कुठल्याही विहिरीवर मोटारीची पट्टी ग्रीसने माखलेलीच असते. अंगठ्याने पुसली की आकडे दिसतात : ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ, १४४० आरपीएम. यातल्या ४१५ वर शेतकऱ्याचा काडीचा भरवसा नाही. रात्री तीन फेज आलं की ऊसवाले सगळे एकदमच स्टार्टर दाबतात; व्होल्टेज साडेतीनशेच्या खाली, मोटार नुसती घुमते, पाणी काही चढत नाही.

पन्नास मात्र जागचे फारसे हलत नाहीत. व्होल्टेज ज्याच्या त्याच्या तारेचं, वारंवारता, म्हणजे फ्रिक्वेन्सी, वीज सेकंदाला किती वेळा दिशा बदलून परत येते तो हा पन्नासचा आकडा, अख्ख्या ग्रिडची, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या वीजवाहिन्यांच्या जाळ्याची. ग्रिडला जोडलेली सगळी जनित्रं एका तालात फिरतात. मागणी वाढून निर्मिती कमी पडली की ती किंचित मंदावतात आणि फ्रिक्वेन्सी सगळीकडे सारखीच उतरते. म्हणून ती ४९.९० ते ५०.०५ मध्ये राखायचा दंडक आहे. १४४० चा हिशेबही पन्नासातूनच निघतो : चार पोलच्या मोटारीत चुंबकीय क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेतं, रोटर, म्हणजे आतला फिरता भाग, जरा मागे रेंगाळतो.

मला गंमत वाटते ती पुढची. कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे पन्नास कैक वर्षं वेगवेगळे होते! आम्ही दक्षिण ग्रिडमध्ये, कागल पश्चिम ग्रिडमध्ये. चंद्रपूरजवळ भद्रावतीला दोन्ही ग्रिड जोडलेले होते, पण मध्ये एसीचा, म्हणजे दिशा बदलत राहणाऱ्या विजेचा, डीसी करून. डीसी एकाच दिशेने वाहते, तिला वारंवारताच नसते, त्यामुळे इकडचा ताल तिकडे जाण्याचा प्रश्नच नव्हता. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाईन सुरू झाली आणि दोन्ही ताल जुळले. सीमेचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, तो आहे तिथेच.

आता आमच्या शिवारात मोटारी सुरू झाल्या की कोयनेच्या जनित्रावरही तो भार पडतो. कुठल्या काट्यावर दिसणार नाही इतका, पण पडतो. हे मी काकांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्यांनी फ्यूज बसवता बसवता ऐकून घेतलं.

"कोयनेचं ऱ्हाऊ दे की रे. तीन फेज आज दहाला सोडत्यात का दोनला, तेवढं बघ बघू मोबाईलवर."