पाऊस, वीज आणि शिवणयंत्र

अमेरिकेत, फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलहून पश्चिमेला निघालं की लवकरच शहर मागे पडतं आणि एव्हरग्लेड्सचं पाणथळ गवत सुरू होतं. या रस्त्याचं नावच 'अ‍ॅलिगेटर अ‍ॅली', म्हणजे मगरींची गल्ली, त्यामुळे माझ्या दोघी भाच्या खिडकीला चिकटलेल्या. आम्हाला जायचं होतं बिग सायप्रस या राखीव वस्तीतल्या 'आह-ताह-थी-की' संग्रहालयात. सेमिनोल या इथल्या मूळ रहिवासी जमातीच्या लोकांचं हे स्वतःचं संग्रहालय १९९७ पासून सुरू आहे.

आतले पुतळे १८९० च्या दशकातला संसार मांडतात. पण सेमिनोल म्हटलं की डोळ्यांपुढे येणारं ते रंगीबेरंगी पॅचवर्क, म्हणजे तुकडे जोडून केलेली नक्षी, त्या काळी नव्हतंच! व्यापाऱ्यांकडून सुती कापड आणि हाताने फिरवायचं शिवणयंत्र आलं आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बायकांनी हा प्रकार घडवला. पारंपरिक म्हणजे हातशिलाई, हा माझा समज तिथेच गळून पडला. आपल्या गोधडीत जुनं लुगडं जिरतं. इथे कापड कोरं असतं. त्याच्या लांब पट्ट्या फाडून एकमेकींना जोडायच्या, ते जोडकाम आडवं कापायचं, तुकडे थोडे सरकवून पुन्हा शिवायचे. तयार झालेली नक्षीदार पट्टी घागऱ्यात किंवा सदऱ्यात बसवायची. नक्षींना नावं आहेत: पाऊस, आग, वीज, बाण.

हे सांगून मुलांना कळत नाही. मुक्कामी परतल्यावर रंगीत कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या, तिरक्या कापल्या, एकेक तुकडा सरकवला. "मामा, वीज झाली!" धाकटी ओरडली. मोठीचा प्रश्न जास्त चांगला होता: हे कपडे आता कोण घालतं? आजचे सेमिनोल घालतात, समारंभांना आवर्जून. जाकिटांवरही या पट्ट्या असतात. म्हणूनच मुलांच्या डोक्यावर कागदी पिसं खोचून 'इंडियन' (म्हणजे अमेरिकेतले मूळ रहिवासी) सजवण्याचा शाळकरी प्रकार मला पटत नाही. त्यातून कुठल्याच जमातीचं काही कळत नाही.

संग्रहालयाच्या दुकानात पामेटो या ताडासारख्या झाडाच्या तंतुमय सालीच्या बाहुल्या बघा. त्यांच्या इवल्या घागऱ्यांवरही पट्ट्या असतात. मागे सायप्रस नावाच्या झाडांच्या जंगलातून सुमारे मैलभर लाकडी वाट जाते. लहान मुलं बरोबर असतील तर आधी ती फिरून घ्या. दुपारी ऊन वाढतं.