हार्वे, बार्करचं पाणी आणि आमचा पुराचा विमा

हार्वे चक्रीवादळाचा वारा आमच्या केटीत, म्हणजे टेक्सासमधल्या ह्यूस्टनच्या उपनगरात, जेमतेम जाणवला. कुंपणाच्या एकदोन फळ्या निखळल्या, एवढंच. घरात पाणी शिरलं ते पावसाने, आणि तेसुद्धा पावसाचा जोर ओसरल्यावर. ह्यूस्टनला नव्याने येणारी आपली मंडळी घर घेताना शाळा बघतात, ऑफिसचं अंतर बघतात. पाणी कुठून येईल हे कोणी विचारत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

17 ऑगस्ट 2017 ला बार्बाडोसच्या पूर्वेला या वादळाला नाव मिळालं. कॅरिबियन समुद्रात ते इतकं विस्कटलं की विषय संपला असंच वाटलं. पण उरलंसुरलं युकातान ओलांडून मेक्सिकोच्या आखातात उतरलं आणि तिथल्या तापलेल्या पाण्यावर 23 तारखेला पुन्हा उभं राहिलं. पुढच्या दोन-अडीच दिवसांत पाचपैकी चौथ्या श्रेणीपर्यंत पोचलं. 25 ऑगस्टच्या रात्री ताशी 130 मैलांच्या वाऱ्यानिशी ते टेक्सासमधल्या रॉकपोर्टजवळ किनाऱ्याला धडकलं. त्याच दिवशी गणेश चतुर्थी होती. आमच्याकडे पाच दिवसांचे गणपती.

एरवी वादळ जमिनीवर आलं की पुढे सरकतं आणि विरतं. याला पुढे ढकलणारं वारंच नव्हतं. ते किनाऱ्यालगत रेंगाळलं आणि आखातातली वाफ ओढून ओततच राहिलं. टेक्सासमधल्याच नेदरलँड नावाच्या गावाजवळ एकूण 60.58 इंच पाऊस मोजला गेला, म्हणजे 1539 मिलिमीटर. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर झाला होता. तो दिवस मी कुर्ल्यात काढलाय. तिथे पाणी अंगावर धावून आलं होतं. इथे ते मागच्या अंगणातून, अजिबात आवाज न करता आलं.

त्याचं कारण बार्कर जलाशय. ह्यूस्टन शहर पुरापासून वाचावं म्हणून 1940 च्या दशकात अ‍ॅडिक्स आणि बार्कर असे दोन जलाशय बांधले गेले. एरवी ते कोरडेच असतात, आत झाडी, मैदानं, सायकलचे रस्ते. पूर आला की बांधामागे पाणी अडतं. पण ते पूर्ण भरल्यावर जिथवर पसरेल तेवढी सगळी जमीन सरकारने घेतलेली नव्हती. उरलेल्या जमिनीवर पुढे वसाहती झाल्या, त्यातलीच एक आमची. 28 तारखेला पहाटे जलाशयांतून पाणी सोडायला सुरुवात झाली. खाली बफेलो बायू या शहरातून वाहणाऱ्या संथ नदीच्या काठची घरं बुडाली, आणि वरच्या बाजूला आमच्याकडे पाणी चढतच राहिलं.

मखर वरच्या मजल्यावर नेलं होतं. होडीवाले स्वयंसेवक गल्लीत शिरले तेव्हा आई म्हणाली, "अरे, आधी उत्तरपूजा करून घे. देवांना असं टाकून निघायचं नाही." घाईत आरती झाली. दह्याऐवजी साखर हातावर ठेवली, शाडूची मूर्ती बादलीत विसर्जित केली आणि आम्ही जिन्याच्या चौथ्या पायरीवरून होडीत बसलो.

घरात परत शिरायला आठवड्याहून जास्त लागला. पहिला वास येतो तो गटार आणि ओल्या लाकडाचा. लगेच सगळं उपसून बाहेर फेकावंसं वाटतं, पण विम्याच्या दाव्यासाठी आधी फोटो. भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेला टेप लावून फोटो, फ्रिज-वॉशिंग मशीनच्या नंबरपट्टीचा फोटो, कार्पेटचा एक तुकडा कापून पिशवीत. मग शीटरॉक, म्हणजे भिंतींचे जिप्समचे तक्ते, चार फुटांपर्यंत कापून काढला, आतलं भिजलेलं इन्सुलेशन ओढून टाकलं. महाराष्ट्र मंडळातली ओळखीची आणि अनोळखी पोरं मास्क लावून दिवसभर राबली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. त्यानंतर पंखे आणि डीह्युमिडिफायर. ओलावा मोजण्याचं यंत्र लाकडाला टोचून आकडा खाली आल्याशिवाय भिंती बंद करू नका, ठेकेदार कितीही घाई करो. आत बुरशी राहिली तर सगळं पुन्हा उकरावं लागतं.

घराच्या नेहमीच्या विम्यात पूर धरत नाहीत. पुराचा विमा वेगळा घ्यावा लागतो. आमचा भाग सरकारी नकाशात पुराच्या धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेला नसल्यामुळे गृहकर्ज देणाऱ्या बँकेची सक्ती नव्हती. बायकोने हट्टाने घेतला होता, त्यावर आम्ही तरलो. सरकारी पूर विम्यात घरासाठी जास्तीत जास्त अडीच लाख आणि सामानासाठी एक लाख डॉलर मिळू शकतात. सामानाची किंमत मात्र घसारा वजा करून देतात. पाहणीला आलेल्या माणसाच्या पहिल्या अंदाजात स्वयंपाकघरातली खालची कपाटं आणि जिन्याखालची वायरिंग नव्हती. फोटो आणि ठेकेदाराचं अंदाजपत्रक जोडून पुरवणी दावा केला, तेव्हा ती रक्कम मंजूर झाली. फेमाकडे, म्हणजे आपत्तीत मदत देणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेकडे, नोंदणी वेगळी करायची, ती विमा असला तरी करावी.

नवा पूर विमा सहसा 30 दिवसांनी लागू होतो. वादळ आखातात आल्यावर धावपळ करून उपयोग नाही. वादळांचा हंगाम 1 जूनला सुरू होतो, म्हणजे एप्रिल संपायच्या आत पॉलिसी हातात हवी. आणि घराच्या करारावर सही करण्याआधी काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) कचेरीतून वसाहतीचा नोंदणीकृत नकाशा काढून त्यावरच्या बारीक टिपा वाचा. बार्करलगतच्या काही वसाहतींच्या नकाशांवर जलाशयाचं पाणी येऊ शकतं असं छापलेलं आहे.