“मुकांडा?”

झांबियाच्या वायव्य प्रांतातील झांबेझी, म्हणजे पूर्वीचे बालोवाले, या गावी एका रुग्णालयात मी डॉक्टर म्हणून काम करत असताना मला लुवाले भाषेतले जेमतेम चाळीस शब्द येत होते. मराठीत मुलगा–मुलगे होताना शब्दाचा शेवट बदलतो, तर लुवालेत सुरुवात बदलते: म्वाना म्हणजे मूल, वाना म्हणजे मुले, मुटोंडो म्हणजे झाड, मिटोंडो म्हणजे झाडे. एवढे उमगल्यावर आपण बरीच मजल मारली, असे मला उगाचच वाटू लागले होते.

माझ्या सर्वांत उपयोगाचा शब्द होता ‘मुकांडा’, म्हणजे वही किंवा पुस्तक, कारण तिथे रुग्ण शाळेची साधी वही घेऊन येतात आणि निदान, औषधे सारे तिच्यातच लिहिले जाते.

ऑगस्टमधल्या एका सकाळी तापाने फणफणलेल्या, चादरीत गुंडाळलेल्या दहा वर्षांच्या मुलाला त्याचा मामा घेऊन आला. मी नेहमीप्रमाणे विचारले, “मुकांडा?” मामाने दाराकडे पाहिले, रांगेतल्या बायकांकडे पाहिले आणि तो गप्प राहिला. परकी भाषा अर्धवट येणारा माणूस जे हमखास करतो तेच मी केले. तोच शब्द आणखी मोठ्याने उच्चारला. बायकांनी माना खाली घातल्या. तेव्हा कोपऱ्यातले वयस्क मदतनीस उठले, त्यांनी पडदा ओढला आणि हलक्या आवाजात इंग्रजीत सांगितले की मुलगा मुकांडातूनच आला आहे.

सुंता झालेल्या मुलांना गावाबाहेर रानातल्या तळावर ठेवून जी दीक्षा देतात, तिलाही मुकांडाच म्हणतात. तिच्याशी जोडलेल्या माकिशी मुखवट्यांच्या नृत्याचा युनेस्कोने २००५ मध्ये गौरव केला आणि ते नृत्य सारा गाव पाहतो. तळावरचे मात्र बायकांसमोर बोलायचे नसते, आणि इथे एक परकी बाई भर रांगेत त्याचीच चौकशी करत होती.

मी टेबलावरची एक निळी वही उचलून दाखवली. मामा हसला नाही, पण त्याचे खांदे सैल पडले आणि त्याने सदऱ्याच्या आतून प्लास्टिकच्या पिशवीतली वही काढली. मलेरियाच्या चाचणीपट्टीवर दोन रेघा उमटल्या. जखम पाहायला मी पुरुष सहकाऱ्याला बोलावले. ती स्वच्छ होती. वजन करून गोळ्या ठरवल्या, वहीत तारीख आणि मात्रा लिहिली. विभागाच्या नोंदवहीत ‘कोठून आला’ या रकान्याशी माझे पेन थांबले. मदतनिसांनी नकारार्थी मान हलवली, तेव्हा मी तो रकाना कोरा सोडला आणि पुढच्या बाईंना आत बोलावले.