माझी लेक गावच्याच मराठी शाळेत शिकते: माझा अनुभव

माझ्या लेकीला ऐकू येत नाही हे कळायला आम्हाला दोन वर्षं लागली. घराला लागून भाताची गिरण आहे. गिरण सुरू झाली की पोरगी मान वळवायची, दार आपटलं की दचकायची. सासूबाई म्हणायच्या, "ऐकू येतंय की तिला, बोलंल सावकाश." ती थरथर पायाखालच्या जमिनीतनं तिच्यापर्यंत पोचत होती, हे आमच्या कुणाच्या ध्यानात आलं नाही.

बेळगावला बेरा ही ऐकण्याची टेस्ट केली. औषध देऊन तिला झोपवलं, कपाळाला आणि कानामागं वायरी चिकटवल्या. रिपोर्टमध्ये दोन्ही कानांपुढं 85 डेसिबल लिहिलं होतं. आपण समोर बसून बोलतो ते साधारण 60 डेसिबल असतं, असं तिथल्या बाईंनी समजावलं, तेव्हा त्या आकड्याचा अर्थ लागला. परतीच्या बसमध्ये मी तिच्याशी सारखी बोलत होते आणि ती खिडकीबाहेर बघत होती.

दोन्ही कानांना मशीन बसवलं. त्याचे सेल बटणासारखे असतात. निळा स्टिकर काढून मिनिटभर हवेत ठेवायचा, मग आत घालायचा. कानात बसणारा मोल्ड मूल वाढेल तसा सैल होतो आणि मशीन शिट्टी मारायला लागतं, मग नवा करून घ्यावा लागतो. आमच्या खानापूर तालुक्यात पावसाळ्यात भिंतींनासुद्धा घाम फुटतो. रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवलं नाही तर सकाळी बंदच.

खरा पेच पडला तो भाषेचा. घरी आम्ही मराठी. जिथं स्पीच थेरपीला जात होतो तिथं सगळं कन्नडमध्ये चालायचं. तिथं मला सरळ सांगण्यात आलं की घरातपण मराठी बंद करा, कन्नड नाहीतर इंग्रजी, एकच काय ती ठेवा. मी चार महिने ते केलं. मला कन्नड येतं, पण बाजारापुरतं, कचेरीपुरतं. लेकीला जेवायला घालताना मला शब्दच सुचेनात. मी गप्प बसायला लागले, आणि ज्या पोरीनं दिवसभर बोलणं बघायला पाहिजे तिच्यासमोर मुकी आई बसलेली असायची. ते चार महिने गेले याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हैसूरला अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आहे, 1965 पासूनची. मुलाबरोबर तिथं आईलाही शिकवतात. तिथनं आल्यावर माझं मन पक्कं झालं. ज्या भाषेत मी रागावते, लाड करते, तीच हिची पहिली भाषा. एक भाषा मुळापासून आली की दुसरी तिच्या आधारानं येते. म्हणजे शाळाही मराठीच, आणि गावातलीच.

आधी दिव्यांग कार्ड काढायचं होतं. ग्रामपंचायतीत व्हीआरडब्ल्यू, म्हणजे गावातल्या दिव्यांगांची कामं बघणाऱ्या कार्यकर्त्या, म्हणून एक ताई काम करतात, त्या स्वतः दिव्यांग आहेत. त्यांनीच ऑनलाईन अर्ज भरून दिला. जन्मदाखल्यावर आडनाव एक आणि आधारवर कन्नडमधून उतरलेलं दुसरं, म्हणून एका कचेरीतनं अर्ज परत आला. सीमाभागातल्या मराठी घरांना हे नवीन नाही. दुरुस्ती करून तपासणीची तारीख मिळेपर्यंत पाच महिने गेले. पिवळं कार्ड मिळालं, 40 ते 79 टक्क्यांचं.

शाळेत गेले तर पहिलं उत्तर नकाराचं. "वहिनी, मूकबधिर शाळेत घाला, हॉस्टेल असतंय, पोरीचं कल्याण होईल. इथं एक मास्तर दोन वर्ग सांभाळतोय." ते वाईट मनानं बोलत नव्हते आणि दोन वर्गांचं म्हणणं खोटंही नव्हतं. पण सहा वर्षांची पोर आईपासून लांब हॉस्टेलात ठेवायची मला हिंमत नव्हती. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं कलम 31 मी छापून नेलं होतं. 6 ते 18 वर्षांच्या अशा मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. पसंत कुठली, ते घरानं ठरवायचं. एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या कमिटीच्या, बैठकीत तो कागद वाचून दाखवला. नाव लागलं.

नाव लागणं सोपं होतं म्हणायची वेळ पुढं आली. पहिले सहा महिने ती वर्गात नुसती बसायची. गुरुजी फळ्याकडं तोंड करून बोलायचे. त्यांच्या पाठीमागं खिडकी, त्यामुळं तोंड वळवलं तरी चेहरा काळा दिसायचा. कौलांवर पाऊस सुरू झाला की मशीन पावसाचाच आवाज मोठा करून द्यायचं. एकदा शुद्धलेखनात तिनं 'पाणी'च्या जागी 'माणी' लिहिलं, 'पाय'च्या जागी 'बाय'. दहापैकी दोन. वही घरी आणून तिनं चुलीजवळ टाकली.

रात्री मी आरशासमोर बसून म्हणून बघितलं. माय, बाय, पाय. तुम्हीही बघा. ओठ तिन्ही वेळा सारखेच मिटतात, सारखेच उघडतात. ओठ वाचणाऱ्याला ते तीन शब्द एकच आहेत. तिनं जे दिसलं ते बरोबर लिहिलं होतं.

मी वही आणि आरसा घेऊन शाळेत गेले. गुरुजींनी आरशात बघून तिन्ही शब्द म्हटले. पुन्हा म्हटले. मग वही पुढं ओढून तांबड्या फुल्या खोडल्या. त्या दिवसापासनं ते शब्द एकटा सांगत नाहीत. "नदीला पाणी आलं," असं अख्खं वाक्य म्हणतात, मग शब्द. तालुक्याच्या समावेशक शिक्षणाच्या शिक्षिका, इथं त्यांना बीआयईआरटी म्हणतात, त्यांनी पुढच्या भेटीत बाकाची जागा बदलली. दुसऱ्या रांगेत, मधोमध, उजेड गुरुजींच्या तोंडावर पडेल अशी. मागच्या पोरानं प्रश्न विचारला तर गुरुजींनी तो पुन्हा म्हणायचा, हेही ठरलं.

आणि मशीन नीट चालतंय का ते बघायचे सहा आवाज. आ, ई, ऊ, श, स, म. जाड आवाजापासून बारीक आवाजापर्यंत बोलण्याची सगळी पट्टी यांत येते. रोज सकाळी पाठमोरं उभं करून एकेक म्हणायचा, तिनं ऐकून परत म्हणायचा. 'स' गेला तर समजायचं सेल उतरलाय किंवा नळीत पाणी साचलंय. हे काम वर्गातल्या एका मैत्रिणीनं आपणहून घेतलं. प्रार्थना झाली की दोघी कोपऱ्यात. एकदा ती धावत ऑफिसात गेली आणि म्हणाली, "सर, हिला श येईना, सेल द्या."

पहिलीपासून कन्नड विषय आहेच. कन्नडच्या बाईंनी चित्र आणि लिहिलेला शब्द आधी दिला, बोलणं नंतर. आज ती कन्नड वाचते, बोलायला बिचकते. हातांच्या खुणा आम्ही दिल्लीच्या सांकेतिक भाषा संस्थेच्या शब्दकोशाच्या व्हिडिओंवरनं शिकलो. आधी मला भीती होती की खुणांनी बोलणं मागं पडेल. तसं काही झालं नाही. आठवडी बाजारात एक कन्नड घरातला बहिरा शिंपी बसतो. माझी मराठी पोर आणि तो अर्धा अर्धा तास हातांनी गप्पा मारतात, मीच दुभाषी शोधत बाजूला उभी.

आता पाचवी संपत आली. सहावीला शेजारच्या गावच्या शाळेत जायचं, तिथं प्रत्येक विषयाला वेगळे सर. परवा एका पुठ्ठ्यावर नव्या सरांसाठी सूचना लिहिल्या, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. तोंड वर्गाकडं ठेवा. प्रश्न पुन्हा म्हणा. एकटा शब्द सांगू नका. सेल दप्तराच्या पुढच्या खणात आहेत. तिला वाचायला दिल्या. तिनं पेन्सिल घेतली आणि खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली: "मला पंख्याखाली बसवू नका, त्याचाच आवाज येतो."

जागा बदलल्यापासनं इतकी वर्षं तिचा बाक पंख्याखाली होता. मी त्याच रात्री गुरुजींना फोन केला.