"मित्राला फोड आला होता"

मी लैंगिक आरोग्य केंद्रात समुपदेशक आहे. त्या दिवशी ओपीडी संपता संपता विशीतला एक मुलगा आला. म्हणाला, "मित्रासाठी विचारायचंय." मित्राच्या नावाने विचारलं तरी मी उत्तर पूर्ण देते, विचारायला आला हेच मोठं.

मित्राच्या लिंगावर फोड आला होता. दुखत नव्हता. औषधाच्या दुकानातलं मलम लावलं, महिनाभरात बरा झाला. "मग आता तपासायला नको ना?"

मी सांगितलं, सिफिलिसची, म्हणजे गरमीची, जखम बहुधा दुखत नाही आणि काहीही न लावता 3 ते 6 आठवड्यांत भरून येते. जंतू मात्र शरीरात राहतो. पुढे अंगावर, तळहातांवर पुरळ येतं, आणि उपचार झाले नाहीत तर काही वर्षांनी मेंदू, हृदयालाही इजा होऊ शकते.

त्याने दोन्ही तळहात टेबलावर उताणे ठेवले. फिकट तांबूस ठिपके होते. मित्राचा विषय तिथेच संपला.

कंडोम, एड्स, सगळं त्याला ठाऊक होतं. आजाराची भीतीही होती, पण त्याहून मोठी भीती नोंदणीच्या खिडकीची: काय होतंय ते सगळ्यांदेखत विचारतील, घरी फोन करतील. तो सज्ञान होता, त्याच्या परवानगीशिवाय आम्ही कुणालाच काही सांगणार नव्हतो. हे त्याला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. आपण भिंतीवर आजारांची चित्रं लावतो; आत कोण बसतं, काय विचारतं, कागद कोण बघतं, हे कुठेच लिहीत नाही. माझ्या मते पोरं अडतात ती इथेच.

रक्ततपासणीत सिफिलिसच निघाला. या टप्प्यावर पेनिसिलिनचं एकाच वेळचं इंजेक्शन पुरतं, ते दिलं. एचआयव्हीची तपासणी निगेटिव्ह आली, तरी 3 महिन्यांनी पुन्हा करायला सांगितली.

"तिला कसं सांगू?" याच प्रश्नावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ बसलो. दोष कुणाचा यात शिरायचं नाही, एवढंच म्हणायचं: मला संसर्ग झालाय, तूही तपासून घे. तो वाक्य पुटपुटत राहिला, मग माझ्यासमोरच तिला फोन लावला.

ती दुसऱ्याच दिवशी आली. बसायच्या आधी विचारलं, "रिपोर्ट घरी जातो का?" नाही म्हटल्यावर तिने बाही वर केली. तिचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, पण डॉक्टरांनी तिलाही इंजेक्शन दिलं. संबंध गेल्या 90 दिवसांतला असेल तर रक्तात खूण दिसायची वाट बघत नाहीत.